थीम एकच, खाती अनेक: लिनक्सवर सिस्टिमची आणि आपली मांडणी कशी जुळवावी

वाचनालयातल्या एका संगणकावर मी थुनार हा फाइल मॅनेजर रूटच्या, म्हणजे संगणकाच्या सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने उघडला. पासवर्डाची चौकट आली, पासवर्ड दिला, आणि गडद राखाडी डेस्कटॉपच्या मधोमध एक पांढरीफेक खिडकी उभी राहिली. आयकॉन भलतेच, अक्षरांचं वळणही वेगळं. तिथे ‘लेखक सूची’ नावाचा एक फोल्डर होता. त्यातला ‘ल’ माझ्या नेहमीच्या खिडकीत दोन पाकळ्यांचा दिसायचा, इथे त्याला उजवीकडे हिंदी वळणाचा उभा दंड होता. लॉगआउट केलं, तर लॉगिनचा पडदा तिसऱ्याच रंगात.

संगणकात बिघाड काहीच नव्हता. एका पडद्यावर तीन खाती काम करत होती. डेस्कटॉप माझ्या खात्यातून चालत होता, ती पांढरी खिडकी रूटच्या खात्यातून, आणि लॉगिनचा पडदा तो दाखवणाऱ्या लाइटडीएम या प्रोग्रामच्या खात्यातून. थीम, आयकॉन आणि फॉन्ट मी नेटवरून उतरवून घेतले होते ते माझ्या होम फोल्डरात. बाकीची दोन खाती आपापल्या घरात शोधतात, माझ्या घरात डोकावत नाहीत.

लिनक्सवर नवे असाल आणि एकाच संगणकावर घरातली दोन-तीन माणसं बसत असतील, किंवा शाळेतले, वाचनालयातले चार-पाच संगणक तुमच्याकडे सांभाळायला असतील, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. उदाहरण डेबियन १२ आणि एक्सएफसीई डेस्कटॉपचं घेतलं आहे, कारण जुन्या संगणकांवर ही जोडी चांगली चालते. ग्नोम आणि केडीई हे दुसरे डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठी पुढे वेगळे भाग आहेत. माझं सांगणं एकच आहे: जे सगळ्यांसाठी आहे ते सिस्टिममध्ये एकदाच लिहा, आणि प्रत्येकाच्या खात्यात फक्त त्या माणसाला जे वेगळं हवं तेवढंच राहू द्या. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहून ठेवली की सहा महिन्यांत ती दोन ठिकाणी दोन तऱ्हेची झालेली असते.

सुरू करण्याआधी एक सूचना. कमांड, फाइलींची नावं आणि पत्ते इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते रोमन अक्षरांतच टाइप करायचे. सिस्टिमच्या कमांड आणि पत्ते सहसा लहान अक्षरांत असतात. थीमच्या नावात मात्र मोठी अक्षरं येतात आणि ती जशीच्या तशी लागतात. थीमचं खरं नाव म्हणजे तिच्या फोल्डराचं नाव. आर्क-डार्कमधला पहिला ‘ए’ आणि मधला ‘डी’ मोठा आहे. तो लहान टाकलात तर सिस्टिम तक्रार करत नाही, गुपचूप मूळची पांढरी थीम दाखवते.

आधी दोन प्रश्न वेगळे करा

डेस्कटॉप कसा दिसतो यामागे दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली, थीमच्या फाइली कुठे ठेवल्या आहेत. दुसरी, त्यांतली कोणती वापरायची हे कुठे लिहिलं आहे. नवा माणूस गोंधळतो तो इथेच, कारण दोन्हींचे सिस्टिमचे पत्ते वेगळे आणि वापरकर्त्याचे पत्ते वेगळे.

फाइली सगळ्यांसाठी असतात त्या /यूएसआर/शेअर/थीम्स, /यूएसआर/शेअर/आयकॉन्स आणि /यूएसआर/शेअर/फॉन्ट्स इथे. फक्त तुमच्या असतात त्या होम फोल्डरातल्या .थीम्स आणि .आयकॉन्समध्ये, नाहीतर .लोकल/शेअर याच्या आत त्याच नावांच्या फोल्डरांत. नावाच्या सुरुवातीला टिंब असलेले फोल्डर लपलेले असतात. थुनारमध्ये कंट्रोल आणि एच एकत्र दाबलं की ते दिसतात.

निवड लिहिलेली असते ती सिस्टिमसाठी /इटीसीमध्ये, बऱ्याचदा /इटीसी/एक्सडीजीच्या आत, आणि तुमच्यासाठी ~/.कॉन्फिगमध्ये (~ म्हणजे तुमचा होम फोल्डर). दोन्हीकडे काही लिहिलेलं असेल तर तुमच्या घरातलं वरचढ ठरतं. ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे आणि ती चांगलीच आहे. माझ्या आईच्या खात्यात अक्षरांचा आकार १४ आहे, बाकी सगळ्यांना १० पुरतो. आईचा १४ हा आकडा तिच्या घरात असायलाच हवा. पण आयकॉन, कर्सर, खिडक्यांची चौकट हेसुद्धा तिच्या घरात लिहिलेलं असेल, तर मी सिस्टिममध्ये काहीही बदललं तरी तिच्यापर्यंत ते कधी पोचणारच नाही.

पहिली पायरी: फाइली घरातून बाहेर काढा

शक्य असेल तेव्हा थीम पॅकेजमधूनच घ्या. डेबियनवर ही कमांड (सुरुवातीचा ‘सुडो’ म्हणजे ‘हे रूटच्या अधिकाराने चालव’):

सुडो एपीटी इन्स्टॉल आर्क-थीम पॅपिरस-आयकॉन-थीम फॉन्ट्स-नोटो-कोअर

या एका ओळीत गडद थीम, आयकॉन आणि देवनागरीसकट नोटो फॉन्ट सिस्टिमच्या जागी बसतात, आणि अपडेट आले की आपोआप नवे होतात.

पॅकेजमध्ये नसलेली एखादी थीम फार आवडली असेल, तर ती /यूएसआर/लोकल/शेअर/थीम्समध्ये ठेवा. ‘लोकल’ची जागा तुमच्यासाठी राखलेली असते, पॅकेज व्यवस्था तिथे हात लावत नाही. जीटीके (खिडक्या आणि बटणं काढून देणारी लायब्ररी) ३ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांवर बनवलेले प्रोग्राम तिथे शोधतात, जुने जीटीके २ चे शोधत नाहीत, आणि ते आता फारसे उरलेलेही नाहीत. कॉपी केल्यावर बाकीच्या खात्यांना त्या फाइली वाचता येतात ना ते पाहा:

सुडो सीएचमॉड -आर ए+आरएक्स /यूएसआर/लोकल/शेअर/थीम्स

इथे डॅशनंतरचा ‘आर’ मोठा, अधिकनंतरचा ‘आर’ लहान आणि ‘एक्स’ मोठा. मोठ्या एक्समुळे फोल्डरांत शिरायची परवानगी मिळते, पण साध्या फाइली चालवण्याजोग्या होत नाहीत.

मग घरातली जुनी प्रत काढून टाका. ही पायरी बरेच जण सोडून देतात आणि पुढे पस्तावतात. एकाच नावाची थीम घरात आणि सिस्टिममध्ये असेल तर तुम्हाला घरातली दिसते, रूटला सिस्टिममधली. अपडेट सिस्टिममधल्या प्रतीला मिळतात, घरातली तशीच जुनी राहते. लगेच पुसायला जीव धजत नसेल तर त्या फोल्डराचं नाव बदलून ठेवा आणि आठवडाभराने पुसा.

एवढं करून मी थुनार पुन्हा रूटच्या अधिकाराने उघडला, आणि खिडकी गडद आली. रूटच्या खात्यात मी एक अक्षरही लिहिलं नव्हतं. असं का झालं ते समजून घेण्यासारखं आहे. एक्स११ वर, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्थेवर, एक्सएफसीईचा एक छोटा प्रोग्राम, एक्सएफसेटिंग्जडी, थीमचं नाव, आयकॉनचं नाव, फॉन्टचं नाव त्या पडद्यावरच्या सगळ्या खिडक्यांना कळवत असतो. खिडकी कोणत्या खात्याची आहे हे तो बघत नाही. म्हणजे ‘आर्क-डार्क वापर’ हा निरोप रूटच्या खिडकीला आधीपासूनच मिळत होता. पण त्या नावाच्या फाइली तिला सापडत नव्हत्या, म्हणून ती मूळच्या रूपात उघडत होती.

रूटच्या घरातून आपल्या घरातल्या सेटिंगच्या फोल्डरांकडे दुवा जोडायचा उपाय तुम्हाला कोणीतरी सुचवेल. तो करू नका. रूटच्या अधिकाराने चालणारा प्रोग्राम साध्या खात्यातल्या फाइलींवर विसंबून राहणं सुरक्षिततेच्या दृष्टीने चुकीचं आहे, आणि फाइली सिस्टिमच्या जागी ठेवल्या की त्याची गरजही उरत नाही.

दुसरी पायरी: निवड सिस्टिममध्ये लिहा

एक्सएफसीईची दिसण्याबद्दलची निवड या फाइलीत असते:

/इटीसी/एक्सडीजी/एक्सएफसीई४/एक्सएफकॉन्फ/एक्सएफसीई-परचॅनल-एक्सएमएल/एक्ससेटिंग्ज.एक्सएमएल

पत्ता लांबलचक आहे, पण होम फोल्डरातल्या .कॉन्फिगमध्ये याच नावाची, याच मांडणीची तुमची फाइल असते. दोन्ही शेजारी शेजारी उघडून बघा. पाच मिनिटांत या साऱ्या प्रकाराचं मर्म कळेल. सिस्टिमच्या फाइलीत ‘नेट’ या गटात थीमनेम आणि आयकॉनथीमनेम, ‘जीटीके’ या गटात फॉन्टनेम आणि कर्सरथीमनेम, आणि प्रत्येकापुढे किंमत. तुमच्या फाइलीत तुम्ही बदललेल्या गोष्टींपुढे किंमत दिसेल, आणि न बदललेल्यांपुढे टाइप म्हणून नुसतं ‘एम्प्टी’ लिहिलेलं दिसेल. एम्प्टी म्हणजे ‘मला काही म्हणायचं नाही, सिस्टिम सांगेल ते’. आपल्याला हवं ते हेच. जास्तीत जास्त ओळी एम्प्टी असाव्यात.

सिस्टिमच्या फाइलीची आधी एक प्रत काढून ठेवा. मग ती सुडोने उघडून थीमनेमच्या ओळीत आर्क-डार्क, आयकॉनथीमनेमच्या ओळीत पॅपिरस-डार्क आणि फॉन्टनेमच्या ओळीत नोटो सॅन्स १० भरा. खिडकीच्या चौकटीचं, म्हणजे वरच्या पट्टीचं आणि बटणांचं, प्रकरण वेगळं आहे. ते त्याच फोल्डरातल्या एक्सएफडब्ल्यूएम४.एक्सएमएल या फाइलीत, ‘जनरल’ गटातल्या ‘थीम’ या ओळीत असतं. फाइल नसेल तर त्याच मांडणीची नवी बनवा. हे राहून गेलं तर आतली खिडकी गडद आणि वरची पट्टी फिकट असा विजोड प्रकार होतो.

आता प्रत्येकाच्या खात्यातली जुनी निवड मोकळी करायची. घरातली एक्सएमएल फाइल लॉगिन असताना हाताने बदलू नका. एक्सएफसीईच्या सेटिंग सांभाळणारा एक्सएफकॉन्फ ती माहिती स्मृतीत धरून बसलेला असतो आणि तुमचा बदल पुसून स्वतःचं लिहितो. त्या त्या माणसाला लॉगिन करायला सांगून टर्मिनलमध्ये हे द्या:

एक्सएफकॉन्फ-क्वेरी -सी एक्ससेटिंग्ज -पी /नेट/थीमनेम -आर

शेवटचा ‘आर’ म्हणजे रीसेट. इथे ‘नेट’मधला ‘एन’, आणि थीमनेममधले ‘टी’ आणि ‘एन’ मोठे आहेत. हेच आयकॉनसाठी आणि कर्सरसाठी करा. आईच्या खात्यात मी फॉन्टची ओळ सोडून बाकी सगळं रीसेट केलं. तिला पडद्यावर अक्षरं होती तेवढीच मोठी दिसली, फक्त रंग आणि आयकॉन घरातल्या बाकी सगळ्यांसारखे झाले.

कोणाच्या खात्यात काय लिहून ठेवलं आहे हे बघायचं असेल तर:

एक्सएफकॉन्फ-क्वेरी -सी एक्ससेटिंग्ज -एलव्ही

तिसरी पायरी: एक कोरं खातं

सिस्टिमचा थर खरंच बरोबर बसला का, हे स्वतःच्या खात्यातून कधीच कळत नाही. तिथे तुमच्या जुन्या निवडी मध्ये येतात. म्हणून ‘चाचणी’ नावाचं एक नवं खातं उघडा:

सुडो ॲडयूजर चाचणी

नाव अर्थात रोमन लहान अक्षरांत. त्या खात्यात लॉगिन करा. तिथे जे दिसेल तो शुद्ध सिस्टिमचा थर. थीम बरोबर, आयकॉन बरोबर, पण कर्सर जुनाच, असं दिसलं तर कुठे हात घालायचा ते लगेच कळतं. हे खातं मी प्रत्येक संगणकावर कायम ठेवतो आणि दर मोठ्या बदलानंतर एकदा उघडून बघतो. त्यात काहीही बदलायचं नाही, डेस्कटॉपवरचं चित्रसुद्धा नाही.

नव्या खात्यांसाठी /इटीसी/स्केल नावाचा एक फोल्डर असतो, आणि अनेक लेखांत सगळी .कॉन्फिग त्यात टाकायला सांगितलेलं असतं. स्केलमधल्या फाइली खातं उघडताना एकदाच कॉपी होतात. नंतर स्केलमध्ये काहीही बदला, आधीच्या खात्यांना त्याचा पत्ता नसतो. शिवाय त्या फाइली प्रत्येकाच्या घरात जाऊन बसतात, म्हणजे सिस्टिमवर वरचढ होतात. मी सुरुवातीला याच वाटेने गेलो होतो. त्याहून वाईट म्हणजे, आधीच्या खात्यांत मी माझी .कॉन्फिग सुडोने कॉपी केली. त्या फाइलींची मालकी रूटकडे गेली आणि दुसऱ्या दिवसापासून वाचनालयात बसणाऱ्या मुलांना स्वतःची एकही सेटिंग जतन करता येईना. तुमच्याकडून असं झालं असेल तर उपाय हा:

सुडो सीएचओन -आर खातं:खातं /होम/खातं/.कॉन्फिग

‘खातं’च्या जागी त्या माणसाचं लॉगिन नाव, आणि ‘आर’ मोठा.

लॉगिनचा पडदा

लाइटडीएमचा नेहमीचा पडदा /इटीसी/लाइटडीएम/लाइटडीएम-जीटीके-ग्रीटर.कॉन्फ ही फाइल वाचतो. ‘ग्रीटर’ या चौकटी कंसातल्या मथळ्याखाली चार ओळी पुरतात: थीम-नेम, आयकॉन-थीम-नेम, फॉन्ट-नेम आणि बॅकग्राउंड. पहिल्या तिन्हींत दुसऱ्या पायरीतलीच नावं द्या. हाताने लिहायचं नसेल तर लाइटडीएम-जीटीके-ग्रीटर-सेटिंग्ज नावाचा छोटा प्रोग्राम मिळतो.

अडतं ते चित्रापाशी. पार्श्वभूमीचं चित्र तुमच्या पिक्चर्स फोल्डरात असेल तर लाइटडीएमच्या खात्याला ते वाचता येईलच असं नाही. उबुंटूने २१.०४ या आवृत्तीपासून नव्या खात्यांचे होम फोल्डर इतरांना बंद ठेवायला सुरुवात केली, आणि ते योग्यच केलं. चित्र /यूएसआर/लोकल/शेअर/बॅकग्राउंड्समध्ये ठेवा. लॉगिनच्या पडद्यालाही तेच आणि सगळ्यांच्या डेस्कटॉपलाही तेच, अशी एकच प्रत चालते.

फॉन्ट आणि आपला ल

या भागावर मी जास्त वेळ घालवतो, कारण आपल्याकडे थीम जुळवण्याइतकंच अक्षर जुळवणं महत्त्वाचं आहे, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत हा प्रश्नच येत नाही.

आधी रूटला आणि तुम्हाला एकच देवनागरी फॉन्ट मिळतो का ते तपासा. दोन कमांड, एकामागून एक:

एफसी-मॅच सॅन्स-सेरिफ:लँग=एमआर

सुडो -एच एफसी-मॅच सॅन्स-सेरिफ:लँग=एमआर

दोन्हींत ‘एच’ सोडून बाकी सगळं लहान अक्षरांत. दोन्हींचं उत्तर एकच आलं पाहिजे. वेगळं आलं तर तुमच्या घरातल्या .लोकल/शेअर/फॉन्ट्समध्ये एखादा फॉन्ट पडलेला आहे, किंवा ~/.कॉन्फिग/फॉन्टकॉन्फिगमध्ये तुम्ही कधीतरी नियम लिहिला आहे. फॉन्ट /यूएसआर/लोकल/शेअर/फॉन्ट्समध्ये हलवा, नियम /इटीसी/फॉन्ट्स/लोकल.कॉन्फमध्ये न्या, आणि सुडो एफसी-कॅशे -एफ चालवा. माझ्या त्या ‘लेखक सूची’ची गोष्ट अशीच होती. मराठी वळणाचा फॉन्ट माझ्या घरात होता, रूटला दुसराच मिळत होता.

पण फॉन्ट एक असूनही ल बदलू शकतो. नोटो सॅन्स देवनागरीत ल आणि श यांची मराठी रूपं आहेत, मात्र ती मजकुराची भाषा मराठी आहे असं कळल्यावरच वापरली जातात. जीटीकेच्या प्रोग्रामांत अक्षरं मांडायचं काम पँगो करतो. सिस्टिमची भाषा इंग्रजी असेल तर देवनागरी दिसली की पँगो ती हिंदी धरून चालतो, आणि उभ्या दंडाचा ल येतो. सिस्टिमची भाषाच मराठी केलीत तर प्रश्न मिटतो. डेबियनवर सगळ्यांसाठीची भाषा /इटीसी/डीफॉल्ट/लोकेल या फाइलीत लिहिलेली असते आणि लॉगिनचा पडदाही तीच वाचतो.

मेनू इंग्रजीत ठेवायचे आहेत पण ल आपला हवा, असं अनेकांना हवं असतं. त्यांच्यासाठी /इटीसी/एन्व्हायरनमेंट या फाइलीत एक ओळ:

पँगो_लँग्वेज=ईएन:एमआर

डावीकडचं नाव सगळं मोठ्या अक्षरांत, मध्ये अधोरेषा, उजवीकडचं लहान अक्षरांत. अर्थ असा की इंग्रजी आधी, आणि इंग्रजीला जी लिपी लागत नाही तिच्यासाठी मराठी. लॉगआउट करून परत आलात की फाइलींच्या नावांत, मेनूंत, टेक्स्ट एडिटरमध्ये दोन पाकळ्यांचा ल दिसू लागतो. ही ओळ सिस्टिममध्ये आहे, त्यामुळे घरातल्या प्रत्येकाला तो मिळतो.

ग्नोम वापरत असाल तर

उबुंटू आणि फेडोराचा मुख्य डेस्कटॉप ग्नोम आहे. तिथे निवडी साध्या मजकुराच्या फाइलीत नसून डीकॉन्फ नावाच्या छोट्या डेटाबेसमध्ये असतात. तुमचा डेटाबेस म्हणजे ~/.कॉन्फिग/डीकॉन्फ/यूजर ही फाइल. ती हाताने उघडून काही वाचता येणार नाही. सिस्टिमचा डेटाबेस आपण बनवायचा असतो, आणि तो तीन फाइलींचा खेळ आहे.

पहिली फाइल /इटीसी/डीकॉन्फ/प्रोफाइल/यूजर. तिच्यात दोनच ओळी: यूजर-डीबी:यूजर आणि त्याखाली सिस्टिम-डीबी:लोकल. क्रम महत्त्वाचा आहे. आधी माणसाचं बघ, तिथे काही नसेल तर सिस्टिमचं.

दुसरी फाइल /इटीसी/डीकॉन्फ/डीबी/लोकल.डी या फोल्डरात, ००-थीम अशा नावाची. तिच्यात चौकटी कंसात ऑर्ग/ग्नोम/डेस्कटॉप/इंटरफेस हा मथळा, आणि खाली आयकॉन-थीम, कर्सर-थीम, फॉन्ट-नेम, कलर-स्कीम या ओळी. किंमती एकेरी अवतरण चिन्हांत लिहायच्या. गडद रूपासाठी कलर-स्कीमची किंमत ‘प्रीफर-डार्क’. मग:

सुडो डीकॉन्फ अपडेट

ही कमांड विसरलात तर काहीच होत नाही, आणि माणूस तासभर फाइलीतल्या चुका शोधत बसतो.

स्वतःच्या खात्यात जमवलेल्या सेटिंग सिस्टिममध्ये न्यायच्या असतील तर ‘डीकॉन्फ डंप’ हा सोपा मार्ग आहे. पत्ता म्हणून /ऑर्ग/ग्नोम/डेस्कटॉप/इंटरफेस/ द्या, शेवटची तिरकी रेघ धरून. फक्त एक खाच आहे: डंपच्या उत्तरात मथळ्याच्या जागी नुसती तिरकी रेघ येते. ते तसंच सिस्टिमच्या फाइलीत चिकटवलं तर उपयोग नाही. मथळा पूर्ण पत्त्याने बदला, आणि ज्या ओळी खरंच सगळ्यांसाठी आहेत तेवढ्याच ठेवा.

कोणाच्या खात्यात सिस्टिमचं पोचत नसेल तर ‘डीकॉन्फ रीड’ एकदा साधं आणि एकदा ‘-डी’ लावून चालवा. ‘-डी’ सिस्टिमची मूळ किंमत सांगतो, साधं रीड प्रत्यक्षात लागू असलेली. दोन्ही वेगळ्या आल्या तर त्या माणसाने स्वतःचं काही निवडलेलं आहे. चुकून निवडलेलं असेल तर:

जीसेटिंग्ज रीसेट ऑर्ग.ग्नोम.डेस्कटॉप.इंटरफेस आयकॉन-थीम

शाळेच्या संगणकांवर एखादी गोष्ट कोणी बदलूच नये असं वाटत असेल, तर तिसरी फाइल लागते: लोकल.डीच्या आत लॉक्स नावाचा फोल्डर, त्यात एक फाइल, आणि प्रत्येक ओळीवर एकेका सेटिंगचा पूर्ण पत्ता. मी फॉन्टचा आकार कधीही कुलूपबंद करत नाही. मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलाला अक्षर मोठं करावं लागतं, आणि ते त्याला करता आलंच पाहिजे.

लॉगिनचा पडदा जीडीएमचा असतो आणि त्याचा डेटाबेस वेगळा: प्रोफाइलचं नाव जीडीएम, फोल्डर जीडीएम.डी. डेबियनवर त्यासाठी /इटीसी/जीडीएम३/ग्रीटर.डीकॉन्फ-डीफॉल्ट्स ही फाइल तयारच मिळते. तिथे कर्सर, आयकॉन आणि अक्षर जुळवा. पडद्याचा रंगरूप बदलण्यासाठी ग्नोमच्या आतल्या फाइली उघडायच्या फंदात नवे असाल तर पडू नका. प्रत्येक अपडेटला ते पुन्हा करावं लागतं.

थीम बदलूनही काही खिडक्या हलत नाहीत, त्या लिबअद्वैताच्या. २०२१ च्या शेवटी या लायब्ररीची १.० आवृत्ती आली, आणि तिच्यावर बनवलेले प्रोग्राम जीटीकेची थीम जुमानत नाहीत. त्यांना फक्त फिकट की गडद एवढं कळतं, आणि ग्नोम ४७ पासून एक ठळक रंग निवडता येतो. कोणी ~/.कॉन्फिग/जीटीके-४.० मध्ये सीएसएस फाइल टाकून त्यांनाही रंगवतात, पण ती फाइल प्रत्येकाच्या घरात वेगळी ठेवावी लागते. कलर-स्कीमवर समाधान माना, सगळ्या खिडक्या निदान एका उजेडात येतात.

केडीई, आणि क्यूटीचे प्रोग्राम

केडीईत ही कामं सर्वांत सरळ आहेत. सगळ्यांसाठी /इटीसी/एक्सडीजी/केडीईग्लोबल्स, तुमच्यासाठी ~/.कॉन्फिग/केडीईग्लोबल्स, मांडणी तीच. एखादी ओळ पक्की करायची असेल तर सिस्टिमच्या फाइलीत तिच्या नावापुढे चौकटी कंसात डॉलरचं चिन्ह आणि लहान ‘आय’ लिहितात. लॉगिनच्या पडद्यासाठी सिस्टिम सेटिंग्जमध्ये एसडीडीएमच्या पानावर प्लाझ्माच्या, म्हणजे केडीईच्या डेस्कटॉपच्या, सेटिंग लागू करायचं बटण आहे. ते रंग, फॉन्ट आणि कर्सर पलीकडे नेऊन ठेवतं. पण ती त्या क्षणाची प्रत असते, म्हणून थीम बदलली की बटण पुन्हा दाबा.

एक्सएफसीईवर व्हीएलसीसारखे क्यूटीचे, म्हणजे जीटीकेऐवजी क्यूटी या लायब्ररीवर बनवलेले, प्रोग्राम परके दिसतात. त्यासाठी क्यूटी५-जीटीके-प्लॅटफॉर्मथीम हे पॅकेज घ्या आणि /इटीसी/एन्व्हायरनमेंटमध्ये क्यूटी_क्यूपीए_प्लॅटफॉर्मथीम=जीटीके३ ही ओळ घाला, डावी बाजू मोठ्या अक्षरांत. मग अक्षरं, आयकॉन आणि फाइल निवडायची चौकट ते जीटीकेकडून घेतात. याच कामासाठी क्यूटी५सीटी नावाचा प्रोग्रामही लोकप्रिय आहे, पण तो स्वतःची निवड प्रत्येकाच्या घरात लिहितो, म्हणजे सांभाळायला आणखी एक फाइल. फ्लॅटपॅक या वेगळ्या पॅकेज पद्धतीने बसवलेले प्रोग्राम तर बंद खोलीत चालतात. त्यांना तुमची जीटीके थीम दिसत नाही, ती फ्लॅटपॅकच्या भांडारातूनच वेगळी घ्यावी लागते, आणि घेताना सिस्टिमसाठी घ्या, ‘--यूजर’ लावून नको.

अपडेटच्या दिवशी

/यूएसआर/शेअरमधल्या पॅकेजच्या फाइलींना कधीच हात लावू नका, पुढच्या अपडेटला तुमचं लिहिलेलं पुसलं जातं. /इटीसीमधल्या फाइलींचं तसं नाही. तिथे तुम्ही बदललेली फाइल पॅकेजलाही बदलायची असेल, तर डेबियन थांबून विचारतो. टर्मिनलमध्ये प्रश्न येतो, खाली वाय, एन, डी, झेड अशी अक्षरं असतात. घाईत एंटर दाबलं तर तुमची फाइल जशीच्या तशी राहते, वाय दाबलं तर पॅकेजची येते आणि तुमचा थीमचा सगळा मजकूर बाजूला पडतो. मी आधी डी दाबतो. दोन्ही फाइलींतला फरक ओळीओळीने दिसतो. माझ्या तीन ओळी वगळता पॅकेजने काय नवं आणलं आहे ते वहीत टिपून घेतो, एन दाबतो, आणि अपडेट संपल्यावर त्या नव्या ओळी फाइलीत हाताने भरतो. मग चाचणी खात्यात लॉगिन करतो, थुनार रूटच्या अधिकाराने उघडतो, आणि ‘लेखक सूची’तला ल कसा आहे ते बघतो.